घरच्या गरजेचे संशोधन

छोट्या देशाने संशोधनाचे केंद्र व्हावे का? जरूर व्हावे, पण घरच्या अडचणीपासून सुरुवात करून. सिंगापूरकडे पाहिले की हे पटते. 1962 च्या करारानुसार हा देश मलेशियातल्या जोहोरमधून पाणी घेतो आणि तो करार 2061 मध्ये संपतो. ही टांगती तलवार ओळखून तिथे 1974 मध्येच सांडपाणी शुद्ध करण्याचा प्रायोगिक प्रकल्प उभा राहिला. शुद्धीकरणाचे पडदे महाग आणि बेभरवशाचे निघाले, प्रकल्प गुंडाळावा लागला, तरी विषय कुणी सोडला नाही. 2003 मध्ये बेडोक आणि क्रांजी इथून ‘न्यूवॉटर’ म्हणजे शुद्ध केलेले सांडपाणी मिळणे सुरू झाले: आधी सूक्ष्म गाळणी, मग दाबाखाली पडद्यातून पाणी ढकलणे, शेवटी अतिनील किरण. हे पाणी इतके निर्मळ की चिप बनवणारे कारखानेही ते वापरतात. पडदे बाहेरून आणले, मग यात संशोधन कसले, असे कुणी म्हणेल. पण आपल्या सांडपाण्यात पडदा किती टिकतो, कुठे तुंबतो, हे वर्षानुवर्षे तपासूनच कळते. ते बाजारात मिळत नाही. 2003 मध्येच ‘बायोपोलिस’ हे जीववैद्यकीय संशोधनाचे केंद्रही उघडले आणि परदेशातून नामवंत जीवशास्त्रज्ञ आले. संस्था चांगल्या झाल्या, रोजगारही आला. मात्र 2010 नंतर सरकारने निधी उद्योगांच्या गरजांशी जोडायला घेतल्यावर त्या शास्त्रज्ञांतले काही परतले. त्यांना दोष कसा द्यावा? त्यांचे काम कुठल्याही देशात होण्याजोगे होते. सध्या सिंगापूरचे अभियंते समुद्राचे पाणी कमी विजेत गोडे करण्यामागे लागले आहेत, आणि त्यावर होणारा खर्च मला पूर्ण रास्त वाटतो.