बंधुत्वाची मालकी कोणाकडे?

अमेरिकन विद्यापीठांतील ‘फ्रॅटर्निटी’ नावाच्या विद्यार्थी-मंडळांविषयी दर दोन-चार वर्षांनी हळहळ व्यक्त होते. दीक्षाविधीच्या रात्री अठरा-एकोणीस वर्षांच्या एखाद्या मुलाला बेसुमार दारू पाजली जाते, तो दगावतो, शाखेची मान्यता रद्द होते, काही विद्यार्थ्यांवर खटले भरले जातात आणि प्रकरण मिटते. या साऱ्या चर्चेत एक वर्ग मात्र आरोपीच्या पिंजऱ्याबाहेर सुखरूप राहतो. तो म्हणजे या मंडळांचे माजी सभासद. शाखेतले जीवन मुले जगतात. शाखेची मालकी आणि तिचे खरे लाभ मात्र या प्रौढांकडे असतात. हा मालकीचा प्रश्न बाजूला सारून केलेली प्रत्येक सुधारणा वरवरची ठरली आहे.

ही व्यवस्था जुनी आहे. न्यूयॉर्क राज्यातील युनियन कॉलेजमध्ये १८२५ साली ‘कप्पा अल्फा सोसायटी’ स्थापन झाली आणि पुढे ग्रीक अक्षरांची नावे धारण करणाऱ्या अशा मंडळांच्या शाखा देशभर पसरल्या. शाखेला बहुधा राहण्याचे स्वतंत्र घर असते. अनेक ठिकाणी या घराची मालकी माजी सभासदांनी स्थापिलेल्या गृहसंस्थेकडे असते. मुले तेथे भाडेकरू असतात. शाखेचे सल्लागार माजी सभासद, राष्ट्रीय कार्यालयाचे सूत्रधारही माजी सभासद. कित्येक मंडळांत सभासदाच्या मुलाला वा भावाला प्रवेशात झुकते माप देण्याची प्रथा आहे. विद्यार्थी चार वर्षांनी घर सोडतो, माजी सभासद मात्र तहहयात राहतो. गैरहजर जमीनदार गावात राहत नाही म्हणून त्याची जमीनदारी संपत नाही, हे महाराष्ट्रातील कुळांना कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

या जमीनदारीत पीक कोणते निघते? युनियन कॉलेजच्याच अर्थशास्त्रज्ञांनी एका महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांची पाहणी करून २०१८ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास याचे उत्तर देतो. फ्रॅटर्निटीच्या सभासदत्वामुळे विद्यार्थ्याची गुणांची सरासरी चारच्या मापावर सुमारे पाव अंकाने घसरते, परंतु पुढील आयुष्यातील मिळकत सुमारे ३६ टक्क्यांनी वाढते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. पाहणी एकाच महाविद्यालयाची असली तरी तिचा अर्थ दुर्लक्षिण्याजोगा नाही. अभ्यास कमी आणि मिळकत जास्त, हे गणित गुणवत्तेच्या हिशेबात बसत नाही. ते ओळखीच्या हिशेबातच बसते. नोकरी देणारा माजी सभासद आणि नोकरी मागणारा आजचा सभासद यांच्यातील हा व्यवहार आहे. त्याला ‘बंधुत्व’ म्हटल्याने त्याचे वर्गीय स्वरूप बदलत नाही. गुणवत्तेची पूजा सांगणाऱ्या भांडवलशाहीने आपल्या वारसांसाठी मागील दाराने चालवलेले हे आरक्षण आहे.

दार कोणासाठी बंद ठेवायचे, हेही मालकच ठरवतो. अलाबामा विद्यापीठात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश मिळू नये म्हणून गव्हर्नर जॉर्ज वॉलेस १९६३ साली दारात उभा राहिला होता. त्यानंतर ५० वर्षांनी, २०१३ सालच्या सप्टेंबरात, तेथील ‘क्रिमसन व्हाइट’ या विद्यार्थी-वृत्तपत्राने एक प्रकरण उघडकीस आणले. उत्तम गुणवत्तेच्या एका कृष्णवर्णीय विद्यार्थिनीला ‘सोरॉरिटी’ या विद्यार्थिनींच्या मंडळांपैकी परंपरेने गोऱ्या असलेल्या एकाही मंडळाने प्रवेश दिला नव्हता. एका मंडळाच्या सभासद विद्यार्थिनीने स्वतःच्या नावानिशी सांगितले की मुली तिला घेण्यास तयार होत्या; आड आल्या त्या माजी सभासद स्त्रिया. विद्यार्थी आणि प्राध्यापक यांनी मोर्चा काढला, विद्यापीठाला प्रवेशप्रक्रिया पुन्हा खुली करावी लागली आणि काही कृष्णवर्णीय मुली अखेर आत आल्या. तरुण पिढी पूर्वग्रहांच्या पुढे जाऊ पाहत असताना तिला मागे खेचणारा हात मालकांचा होता. परंपरेचे प्रेम म्हणून जे मिरवले जाते ते प्रत्यक्षात कोणते काम करते, हे या घटनेने स्पष्ट केले.

लाभ वर जातो. जोखीम मात्र खाली ढकलली जाते. १९८०नंतरच्या दशकात विमा कंपन्या फ्रॅटर्निटींचा विमा उतरवण्यास कचरू लागल्या. तेव्हा काही मंडळांनी १९८७ साली विमा खरेदीसाठी एकत्र गट उभारला आणि दारू, समारंभ, दीक्षाविधी यांविषयी नियमावली केली. नियम चांगलेच आहेत. पण नियम मोडणाऱ्या मुलाला विम्याचे संरक्षण नाकारता येते, ही त्यांची दुसरी बाजू आहे. अपघात झाला की राष्ट्रीय संस्था नियमावलीकडे बोट दाखवते आणि मुलांचे पालक वकिलांच्या दारात उभे राहतात. पेनसिल्वेनिया स्टेट विद्यापीठातील ‘बीटा थीटा पाय’च्या घरात २ फेब्रुवारी २०१७च्या रात्री जे घडले त्याने या कागदी सुधारणेची किंमत दाखवली. माजी सभासदाच्या पैशाने सजवलेल्या आणि कागदोपत्री दारूबंदी असलेल्या त्या घरात १९ वर्षांचा एक विद्यार्थी दीक्षेच्या रात्री दारू पाजल्यानंतर जिन्यावरून कोसळला. सुमारे बारा तास कोणी मदत मागवली नाही आणि दोन दिवसांनी तो मरण पावला. २०१८ साली त्या राज्याने त्याच्या नावाचा कायदा केला. २०२४ सालच्या डिसेंबरात संघराज्यानेही कायदा करून अशा छळाच्या घटनांची नोंद जाहीर करणे विद्यापीठांना बंधनकारक केले. या कायद्यांचे स्वागतच करावयास हवे. पण नोंद करणारे विद्यापीठ, शिक्षा भोगणारी मुले आणि घराचे मालक मात्र अस्पर्शित, ही रचना त्यांनीही मोडलेली नाही.

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो प्रामाणिक आहे. गोऱ्या मंडळांनी दारे बंद केली म्हणून कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी कॉर्नेल विद्यापीठात १९०६ साली ‘अल्फा फाय अल्फा’ स्थापन केली. मार्टिन ल्यूथर किंग आणि थर्गुड मार्शल हे तिचेच सभासद. पदवीधरांच्या तिच्या शाखांनी मतदार-नोंदणीची मोहीम चालवली. मग माजी सभासदांचा सहभाग सरसकट त्याज्य कसा? उत्तर असे की सहभाग त्याज्य नाहीच. त्याची दिशा कसोटीची आहे. जे बंधुत्व दाराबाहेरच्या माणसाच्या हक्कासाठी खर्ची पडते ते सामाजिक, जे दाराआडच्यांचा हिस्सा वाढवते ते खासगी. खुद्द कृष्णवर्णीय समाजातील मध्यमवर्गाचा मोठेपणा आणि त्याची मंडळे यांवर समाजशास्त्रज्ञ ई. फ्रँकलिन फ्रेझियर यांनी ‘ब्लॅक बूर्झ्वाझी’ या ग्रंथात कठोर टीका केली, हे विसरता कामा नये.

पर्याय अशक्य नाही. विल्यम्स कॉलेजने १९६२ साली, अ‍ॅमहर्स्टने १९८४ साली आणि बोडनने १९९७ साली फ्रॅटर्निटी बंद करण्याचे ठरवले. निवासाची आणि भोजनाची जबाबदारी महाविद्यालयांनी स्वतः उचलली. ती महाविद्यालये बुडाली नाहीत. आजही ती नामांकित आहेत.

हा प्रश्न महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांना दूरचा वाटू नये. सरकार उच्च शिक्षणाच्या खर्चातून अंग काढून घेत आहे आणि त्या पोकळीत माजी विद्यार्थ्यांच्या देणगीचे अमेरिकन तत्त्वज्ञान आयात होत आहे. ‘नॅक’ने २०१७ साली लागू केलेल्या मूल्यांकनाच्या चौकटीत माजी विद्यार्थ्यांच्या सहभागासाठी स्वतंत्र गुण ठेवले गेले. माजी विद्यार्थ्याने आपल्या महाविद्यालयाला साह्य करावे, वसतिगृहासाठी पैसे द्यावेत, यात गैर काही नाही. परंतु देणगी देणाऱ्याला प्रवेश, नेमणुका आणि वसतिगृहाच्या खोल्या यांविषयी शब्द टाकण्याचा अधिकार मिळाला की तीच जमीनदारी इथेही उभी राहील. आणि ज्या समाजात जातीचे बंधुत्व आधीच घट्ट आहे तेथे ती अधिक वेगाने उभी राहील. म्हणून विद्यार्थी-आघाडीच्या कार्यकर्त्यांनी आपापल्या महाविद्यालयातील माजी विद्यार्थी संघाची घटना आणि हिशेब मागून घ्यावेत, देणग्यांच्या अटी जाहीर करावयास लावाव्यात, वसतिगृहाच्या व्यवस्थापनात राहणाऱ्या विद्यार्थ्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी असावेत असा आग्रह धरावा. आणि या सर्वांआधी, शिक्षणाचा खर्च हा सरकारचा खर्च आहे, ही मागणी सोडू नये.