प्रश्न मराठीत, उत्तरं इंग्रजीत

बरेच दिवसांत काही लिहिलं नव्हतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मग डॉक्टरांनी कॉम्प्युटरला हात लावू दिला नाही. आज लिहितेय ते जरा रागातच, तेव्हा सांभाळून घ्या.

माझ्या भाचीची मुलगी गेल्या आठवड्यात येऊन गेली. विद्यापीठात लोकसंख्या आणि आरोग्य या विषयावर पीएच्.डी. करतेय. खेड्यापाड्यांत फिरून चारशे बायकांशी बोलली आहे, किती बाळंतपणं झाली, कुठे झाली, किती मुलं गेली, असं सगळं विचारत. कौतुक वाटलं हो. प्रबंध बघायला मागितला तर सगळा इंग्रजीत! मी विचारलं, "यातलं त्या बायकांना काय कळणार?" ती हसून म्हणाली, "आजी, त्यांच्यासाठी नाहीये ते."

रात्रभर हेच डोक्यात.

१९९१ च्या जनगणनेला मी प्रगणक होते. (आम्हा शिक्षकांना ती कामं चुकलीत कधी?) लग्न झालेल्या प्रत्येक बाईला विचारायचं, मुलं जन्मली किती आणि हयात किती. एक बाई चुलीपुढे बसून बोटाच्या पेरांवर मोजत होती. सहा म्हणाली, मग थांबली, मग सात म्हणाली. हयात चार. मी रकान्यात ७ आणि ४ लिहिलं आणि पुढच्या घरी गेले. त्या तिघांचं नाव तिनं किती वर्षांनी मनात घेतलं असेल, कोण जाणे. त्या आकड्यांचं पुढे काय झालं ते तिला कुणी सांगितलं नाही. मलाही नाही.

त्याच्या आधीची गोष्ट. एका विद्यापीठाचे लोक आमच्या शाळेत मुलांची उंची-वजनं घ्यायला आले होते. दोन दिवस मी भिंतीला टेप धरून उभी. साहेब म्हणाले, अहवाल पाठवतो. हेडमास्तरांनी दोन पोस्टकार्डं टाकली. उत्तर नाही. आमच्या वर्गातली कोणती पोरं खुरटत होती हे त्यांना कळलं, आम्हाला नाही!

आता राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण घ्या. देवनारची लोकसंख्या संस्था ते करते. मोठं काम आहे, मी त्याला नावं ठेवत नाही. आपल्याकडे प्रश्न मराठीत विचारतात. रक्त कमी आहे का ते तपासायचे तेव्हा त्या बाईला तिचा आकडा तिथल्या तिथे सांगायचे, हेही चांगलं. पण महाराष्ट्रात रक्त कमी असलेल्या बायकांचं प्रमाण २०१५-१६ ला ४८ टक्के होतं ते २०१९-२१ ला ५४ वर गेलं, हे तुमच्यापैकी कितीजणींना ठाऊक होतं? एस्टीत शेजारी बसलेल्या दोघींपैकी एक! साड्यांच्या सेलची बातमी आपल्याला त्याच्या आधी कळते.

"परिभाषा मराठीत नाही," असं भाचेनात म्हणाली. मी म्हटलं, सांग एक अवघड शब्द. तिनं सांगितलं, वेल्थ क्विंटाइल. समजावून घेतलं तर काय, घरात पंखा आहे का, कुकर, फ्रिज, संडास, छप्पर कशाचं, यावरून सगळी घरं गरिबापासून श्रीमंतापर्यंत रांगेत लावायची आणि रांगेचे पाच सारखे भाग करायचे. सातवीच्या पोराला दहा मिनिटांत शिकवीन मी हे.

आणि मराठीत हे झालंच नाही असं थोडंच आहे? र. धों. कर्वे गणिताचे प्राध्यापक. संततिनियमनाच्या प्रचारापायी नोकरी गेली, तरी १९२७ ला 'समाजस्वास्थ्य' काढलं, खटले भोगले आणि १९५३ ला जाईपर्यंत चालवलं. मराठीत! गडचिरोलीत बंग पती-पत्नींनी दोन गावांतल्या साडेसहाशे बायकांची तपासणी केली. शंभरातल्या ब्याण्णव जणींना स्त्रीरोग निघाले. ते १९८९ ला लॅन्सेटमध्ये छापून आलं, म्हणजे इंग्रजीत मान मिळालाच की. पण पुढे बालमृत्यूंचा अहवाल काढला तेव्हा तो मराठीत, आणि नाव 'कोवळी पानगळ'. ते दोन शब्द ऐकून पोटात कालवतं. तेच 'इन्फंट मॉर्टॅलिटी' म्हणा, काही होतं का?

भाचेनातीचं खरं दुखणं वेगळंच निघालं. मराठीत लिहिलं तर नोकरीच्या वेळी कुणी मोजत नाही म्हणे. म्हणजे विषमतेचा अभ्यास करणाऱ्यांच्या घरातच ही उतरंड! वरच्या मडक्यात इंग्रजी आणि तळाला जिनं उत्तरं दिली ती बाई. पोरीवर मी उगाच ओरडले. दोष तिचा नाही, तिच्या मार्गदर्शकांचा आहे, गुण देणाऱ्या समित्यांचा आहे. त्यांच्यापैकी बहुतेकांच्या आया मराठीतच अंगाई म्हणाल्या असतील.

२०२१ ची जनगणना झालीच नाही. आता २०२७ च्या मोजणीची अधिसूचना २०२५ ला निघाली. पुन्हा कुणीतरी शिक्षिका दारोदार जाईल.

जाताना मी भाचेनातीला अट घातली, दोन पानं मराठीत लिहून त्या गावांत वाचून दाखव, नाहीतर दिवाळीला चकल्या नाहीत. परवा पानं आली. पहिलंच वाक्य "प्रस्तुत संशोधनांती असे निदर्शनास येते की". लाल पेन काढलंय. पहिलं पान झालं, दुसरं उद्या.