कौलं फोडून घेणारे वर्ग

स्वसंरक्षणाच्या नावाखाली मुलींकडून कौलं फोडून घेणं ही शुद्ध फसवणूक आहे. राग आला तरी चालेल, मी हे लिहिणारच.

सुरतेत गोडादऱ्याला माझी मावसबहीण असते. लिंबायत, उधना, गोडादरा या भागात कापडाच्या धंद्यामागे गेलेले खानदेशी लोक पुष्कळ. तीही त्यांच्यातच दिलेली. तिथल्या एका कराटे वर्गात भाचीनं एका फटक्यात पाच कौलं फोडली, आणि ‘आता मी कुणाला भीत नाही’ असं घरी जाहीर केलं. सगळे खूश. मला मात्र धडकी भरली.

मी बी.ए. झालेला सरकारी कारकून, विज्ञानाशी संबंध दहावीपुरता. पण गोंयकाराला कौल कळतं. पावसाआधी कौलं परतायला चढणारा गडी पाय रिपेच्या आधारावर टाकतो. मधोमध टाकला की काडकन्! त्या वर्गात हेच केलेलं असतं: दोन्ही टोकांना टेकू, खाली पोकळी, फटका मध्यावर. भाजलेली माती दाब सोसते, ताण सोसत नाही. कौल जरासं वाकलं की खालून तडकतं. शिवाय दोन कौलांत पट्ट्या ठेवून फट सोडलेली, म्हणजे ती एकेक करून मोडणार. काढा त्या पट्ट्या, पाचही घट्ट रचा आणि मग बोलवा फोटोवाल्याला.

कराटेचा फटका खोटा आहे असं मी म्हणत नाही. १९७९ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये फेल्ड, मॅकनेअर आणि विल्क यांनी त्याचं गणित मांडलं. (यातला मॅकनेअर स्वतः ब्लॅक बेल्ट; पुढं अंतराळवीर झाला आणि १९८६ मध्ये ‘चॅलेंजर’च्या स्फोटात गेला.) कसलेल्या माणसाचा हात सेकंदाला १० ते १४ मीटर वेगानं जातो. पण जोर नुसत्या वेगावर ठरत नाही. किती वजन, किती वेगानं येऊन, किती थोड्या वेळात थांबलं, यावर तो ठरतो. कौल जागचं हलत नाही. माणसाची मान मागे जाते, पोट दबतं, थांबण्याचा वेळ लांबतो आणि जोर तेवढा उतरतो. पाय, कंबर, खांदा फटक्यामागे आले नाहीत तर लागतं ते नुसत्या हाताचं वजन. आणि मूठ चुकून कपाळावर बसली तर मोडतं आपल्याच करंगळीमागचं हाड. डॉक्टर त्याला ‘बॉक्सर्स फ्रॅक्चर’ म्हणतात. मुष्टियोद्धे हाताला पट्ट्या काय हौस म्हणून गुंडाळतात?

मुलींना शिकवायचं तर मनगटाजवळचा तळहात आणि कोपर वापरायला शिकवा, धरलेला हात सोडवायला शिकवा, ओरडून पळायला शिकवा. त्याला गादी लागते, खरोखर अंगावर येणारा जोडीदार लागतो, महिनोन्महिने सराव लागतो. कौलांना एक रविवार पुरतो, आणि सोमवारी पेपरात फोटो येतो.