लग्नाची नोंद आधी, आयर्लंड नंतर

सिकंदराबादच्या छावणीत आलेल्या आयरिश शिपायाचे मूळ गाव शोधून द्या, अशी विनंती वंशावळी जुळवणाऱ्या आपल्यापैकी अनेकांकडे येते. लालागुड्याच्या रेल्वे वसाहतीतली अँग्लो-इंडियन घराणी असोत की त्यांची परदेशी गेलेली नातवंडे, सर्वांना गाव हवे असते आणि आपणही थेट आयर्लंडची कागदपत्रे उघडतो. ही घाई सोडायला हवी.

30 जून 1922 रोजी डब्लिनच्या फोर कोर्ट्समधले सरकारी दप्तर जळाले आणि 1821 ते 1851 च्या खानेसुमारीचे बहुतेक कागद गेले. कॅथलिक विवाहांची सरकारी नोंद तिथे 1864 पासूनच सुरू झाली. पॅरिशच्या वह्या आहेत, पण गाव ठाऊक नसेल तर त्यांत जॉन मर्फी कितीही सापडतील. नाव जुळले म्हणजे माणूस जुळला, असे आपण देशस्थ-कोकणस्थांच्या कुलवृत्तांतात कधी चालवून घेतो का?

दख्खनमधली लग्नाची नोंद आधी मिळवा. तीत वराची पलटण आणि हुद्दा असतो, साक्षीदार बहुधा त्याच पलटणीचे असतात. पलटण कळली की हजेरीपट आणि निवृत्तीचे कागद उघडतात आणि जन्माचे पॅरिश अनेकदा तिथेच लिहिलेले मिळते. मद्रास इलाख्यातून लंडनला गेलेल्या नोंदींच्या नकला ब्रिटिश लायब्ररीत आहेत. मात्र कॅथलिक नकला अपुऱ्या आहेत आणि आयरिश शिपाई बहुसंख्य कॅथलिक. म्हणून चौकशी चर्चमध्येच करावी लागते. सिकंदराबादचे सेंट मेरीज चर्च उभारणारे डॅनियल मर्फी स्वतः कॉर्क परगण्यातले; पुढे ते होबार्टचे आर्चबिशप झाले.

सर्वात मोठी चूक वधूच्या बाबतीत होते. छावणीत विधवा लवकर पुनर्विवाह करीत, त्यामुळे नोंदीतले आडनाव माहेरचे नसून पहिल्या नवऱ्याचे असू शकते. वधू इथली असेल तर बाप्तिस्म्याच्या नव्या नावामागे तिचे घराणे दडते. मोठ्या घरांतही हे घडले. हैदराबादचे ब्रिटिश रेसिडेंट जेम्स कर्कपॅट्रिक आणि त्यांची इथली पत्नी खैरुन्निसा यांच्या मुलांना 1806 साली लंडनमध्ये बाप्तिस्मा देऊन विल्यम आणि कॅथरीन ही नावे दिली गेली. त्यांची हैदराबादेतली नावे आज सांगता येतात ती रेसिडेंटच्या घरची पत्रे टिकली म्हणून. साध्या शिपायाच्या बायकोमागे असे दप्तर नसते. तिचा माग साक्षीदार, मुलांच्या बाप्तिस्म्याचे धर्ममाता-पिता आणि थडग्यांवरचे लेख यांतूनच काढावा लागतो, आणि हे काम लंडन किंवा डब्लिनमध्ये बसून होत नाही. ते हैदराबादेत राहणाऱ्या आपणच करायचे आहे.

म्हणून या अंकापासून आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक विवाह-नोंदीच्या नकलेत दोन्ही साक्षीदारांची नावे आणि वधूची आधीची वैवाहिक स्थिती असावी, अशी आमची अपेक्षा आहे. नोंदीत ती नसेल तर रकाना कोरा ठेवावा, अंदाजाने भरू नये.