आमची कीव करू नका

या आठवड्यात मला मुंबईहून जेवढे फोन आले, तेवढे गेल्या दिवाळीतसुद्धा आले नव्हते. भाच्याने इथल्या वर्तमानपत्रातलं एक कात्रण घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. नहरबंदी सुरू होतेय, जोधपूरला पाणी एक दिवसाआड येणार, अशी ती बातमी. संध्याकाळपर्यंत मुलुंडच्या मावसबहिणीपासून विलेपार्ल्याच्या नणंदेपर्यंत सगळ्यांचे फोन येऊन गेले. ‘अगं, कसं होणार तुमचं? आम्ही तेव्हाच म्हटलं होतं, वाळवंटात कशाला जाताय.’ पुढे एक मोठा सुस्कारा. त्या सुस्काऱ्याचा मला खरोखर राग आला. तो अजून गेलेला नाही, म्हणून हा लेख.

बातमी एवढीच आहे. पंजाबात सतलज आणि बियास जिथे मिळतात, तिथे हरिकेचं धरण आहे. तिथून इंदिरा गांधी कालवा निघतो. १९५८ साली त्याचं काम सुरू झालं. लांबी साधारण साडेसहाशे किलोमीटर. त्यातून एक उपसा कालवा काढून, पंपांनी टप्प्याटप्प्याने पाणी उचलत ते जोधपूरच्या कायलाना आणि तखतसागर तलावांत आणलं आहे. दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर हा कालवा दुरुस्तीसाठी काही आठवडे बंद ठेवतात. ती नहरबंदी. तोवर तलावांतलं पाणी पुरवून वापरायचं.

यात कीव करण्यासारखं काय आहे? मी गिरगावातल्या चाळीत वाढले. पाणी भल्या पहाटे यायचं आणि उजाडेपर्यंत जायचं. मोरीतल्या तांब्याच्या पिंपाबद्दल मी या सदरात लिहिलं होतं, तेव्हा कितीतरी वाचकांनी आपापल्या घरच्या पिंपांच्या आठवणी कळवल्या होत्या. मुंबईत आजही असंख्य घरांत पाणी ठरावीक वेळेलाच येतं आणि ते भरण्यासाठी कुणाला तरी उठावंच लागतं. त्या बायकांसाठी कुणी सुस्कारा सोडलेला मी ऐकलेला नाही. समुद्राकाठी राहणाऱ्याचे पाण्याचे हाल दिसत नाहीत, वाळवंट म्हटलं की नसलेलेही दिसतात.

विचारायचंच असेल, तर मला हवेबद्दल विचारा. ह्यांची बदली झाली, आम्ही सामान बांधलं, बांद्र्याहून सूर्यनगरी एक्सप्रेसमध्ये बसलो आणि मारवाड जंक्शनच्या पुढे कुठेतरी माझे ओठ फुटायला लागले. सामान मागून आलं. सासूबाईंचं सागवानी कपाट गिरगावात दर जूनमध्ये फुगायचं. दार उघडायला गुडघा लावावा लागे. इथे पहिल्याच उन्हाळ्यात ते इतकं आकसलं, की फळ्यांच्या सांध्यांतून आतल्या साड्यांचे रंग दिसायला लागले. ह्यांच्या पेटीचा भाता हवा धरेना. इथल्या सुताराने सांध्यांना हात लावायला नकार दिला. पावसाळ्यात लाकूड थोडं परत येईल, तोवर थांबा, असं तो म्हणाला. त्याचं म्हणणं खरं ठरलं.

स्वयंपाकघर तर नव्यानेच शिकावं लागलं. कणीक ओल्या फडक्याखाली ठेवली नाही, तर तिला साय धरते. पोळ्या सकाळी करून दुपारी खाण्याचा मुंबईचा रिवाज इथे चालत नाही. तव्यावरून थेट ताटात, नाहीतर डब्यात पापडच. म्हणून इथली माणसं बाजरीचा जाड सोगरा करतात, फोडून त्यात तूप घालतात. मला ते आता पोळीपेक्षा आवडायला लागलं आहे. उलट मीठ कधी ओलं होत नाही, पोहे सादळत नाहीत आणि कुरडया एका दिवसात खडखडीत वाळतात. शेवटचा कपडा दोरीवर पडेपर्यंत पहिला घडी घालण्याजोगा होतो. मुंबईत चार महिने घरभर दोऱ्या बांधून, ओलसर वासाच्या चादरींवर झोपलेल्या बाईला हे सुख किती मोठं वाटतं, ते मी सांगायला नको.

आणि कूलर. मुंबईच्या दमट हवेत कूलर लावणं म्हणजे घाम वाढवणं. इथे मे महिन्याच्या कोरड्या हवेत त्याच्या ओल्या जाळ्यांतून आलेला वारा खोली खरंच थंड करतो. हवेत बाष्प कमी, म्हणून जाळीतलं पाणी झरझर उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. माठातलं पाणीही त्याच कारणाने असं गार होतं, की दात शिवशिवतात. अर्थात, कूलरला पाणी लागतं. नहरबंदीत घराघरांतली मुख्य चर्चा हीच असते: दुपारी कूलर किती वेळ चालवायचा?

ही चर्चा आमच्याकडे भुआसा मिटवतात. भुआसा म्हणजे घरमालकांच्या आत्या. सगळी गल्ली त्यांना भुआसा म्हणते, म्हणून मीही म्हणते. त्या खाली राहतात, आम्ही वर. माहेर फलोदीकडचं. त्याच फलोदीत मे २०१६मध्ये ५१ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. भुआसांना त्या आकड्याचं काही वाटत नाही. त्या सांगतात ते टांक्याचं. अंगणाच्या मधोमध जमिनीखाली चुन्याने लिंपलेली गोल टाकी. भोवती उतार दिलेली जागा, तिला आगोर म्हणतात. पाऊस यायच्या आधी घरातली सगळी माणसं मिळून ती झाडायची. त्यानंतर तिच्यावर चप्पल घालून जायचं नाही, शेळी फिरकू द्यायची नाही. पहिल्या सरीचं पाणी वाहून जाऊ द्यायचं, मग टांक्याची तोंडं उघडायची. वर झाकण, झाकणाला कुलूप. विहिरीचं पाणी खारं असायचं, ते गुरांना आणि धुण्याला. माणसाने प्यायचं ते आभाळातलं. पश्चिम राजस्थानात जमिनीखालच्या पाण्यात क्षार आणि फ्लोराईड फार आहे, हे मी नंतर वाचलं. भुआसांच्या आजीला ते जिभेने कळत होतं.

अनुपम मिश्र यांनी ‘राजस्थान की रजत बूँदें’ या पुस्तकात हे सगळं फार प्रेमाने लिहून ठेवलं आहे. हिंदी वाचता येणाऱ्या प्रत्येकाने ते मिळवून वाचावं, असं मी कळकळीने सांगते. जोधपूरला वर्षाला साधारण साडेतीनशे मिलिमीटर पाऊस पडतो. सांताक्रूझची सरासरी सव्वादोन हजारांच्या वर जाते. मुंबईत जेवढा पाऊस कधीकधी एका रात्रीत पडून गटारांतून समुद्रात जातो, तेवढ्यावर इथे वर्ष काढत होते, शहर वसवत होते. राव जोधाने १४५९ साली मेहरानगड बांधायला घेतला, त्याच सुमाराला त्याच्या राणीने पायथ्याशी राणीसर तलाव करवला. खडकाळ टेकडीवर पडलेला थेंबन् थेंब वळवून आणायला चर खोदलेले आहेत. किल्ल्याशेजारच्या राव जोधा उद्यानात आजही एका जुन्या चरातून चालत जाता येतं. दोन्ही बाजूंना छिन्नीने फोडलेला दगड. तो फोडणाऱ्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत.

पण इथे मला मुंबईच्या नातेवाइकांइतकंच जोधपूरकरांवरही रागवायचं आहे.

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात कालव्याचं पाणी शहरात आलं. नळ उघडला की पाणी येऊ लागलं आणि शतकानुशतकं ज्या पायऱ्यांच्या विहिरींतून, म्हणजे बावड्यांतून, झालऱ्यांतून शहर पाणी भरत होतं, त्यांच्याकडे पाठ फिरली. कुणी त्यांत कचरा टाकला, कुणी सांडपाणी सोडलं. उपसा थांबला. वरून फुटक्या नळांतून, गटारांतून, तलावांतून पाणी मुरत राहिलं. परिणाम असा, की जुन्या शहरात जमिनीखालचं पाणी वर चढत गेलं आणि बाजारातल्या तळघरांत शिरलं. हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझा विश्वास बसला नाही. घंटाघराच्या बाजूला एका कापडाच्या दुकानात मी बांधणी बघत होते. मागच्या बाजूला मोटर घरघरत होती. पाणी चढवताय का, असं विचारलं, तर दुकानदार म्हणाले, चढवत नाही, काढतोय. तळघर भरतं, रोज उपसावं लागतं. उपसलेलं पाणी नालीत जात होतं.

त्या दिवशी आमच्या नळाला पाणी आलेलं नव्हतं. एकाच शहरात, वर नळ कोरडा आणि पायाखाली पाणी फुकट चाललेलं. ते पिण्याजोगं नाही, त्यात मैला मुरलेला आहे, हे मला माहीत आहे. पण बागांना, बांधकामांना, रस्ते धुवायला आपण पंजाबातून उचलून आणलेलं पाणी का वापरायचं? १७४०च्या सुमाराला जोधपूरच्या महाराजा अभयसिंहाच्या राणीने बांधवलेला तूरजी का झालरा गेल्या दशकात साफ केला, तेव्हा गाळाखालून कोरीव हत्ती बाहेर आले. आता तिथे पोरं उड्या मारतात, पर्यटक फोटो काढतात. छान दिसतं, मीही पाहुण्यांना तिथे नेते. पण त्याचं पाणी घराघरात काही कामाला येत नाही. जवळचा गुलाबसागर महाराजा विजयसिंहाच्या काळातला, त्याची उपपत्नी गुलाबराय हिने करवलेला. (याच विजयसिंहाशी चाललेल्या युद्धात, नागौरजवळच्या छावणीत १७५५ साली मराठा सरदार जयाप्पा शिंद्यांचा खून झाला. त्याबद्दल इथले लोक माझ्याशी फार अदबीने आणि तितक्याच ठामपणे वाद घालतात. त्यावर एकदा स्वतंत्र लिहीन.) त्या गुलाबसागरात आज जे तरंगताना दिसतं, ते बघवत नाही.

कालव्याचं पाणी तरी सुखाने येतं का? लुधियान्याचा बुड्ढा नाला कारखान्यांची घाण घेऊन सतलजमध्ये उतरतो आणि सतलज हरिकेला येते. नहरबंदी संपून कालवा पुन्हा सुटतो, तेव्हा पहिलं पाणी काळपट आल्याच्या बातम्या इथे वरचेवर येतात. म्हणजे आम्ही पंजाबचं पाणी पितो आणि पंजाबचा कचराही. भुआसा त्या दिवसांत पिण्याच्या पाण्याला तुरटी फिरवतात, गाळतात, उकळतात आणि कुणालाही न उद्देशून एकच वाक्य म्हणतात: आमच्या टांक्याला कधी वास आला नव्हता.

आता मुंबईकडे वळते, कारण सुस्कारा तिथून आला होता. मुंबईला रोज सुमारे ३,९०० दशलक्ष लिटर पाणी मिळतं. विहार आणि तुळशी सोडले, तर शहराच्या हद्दीतलं त्यात काही नाही. त्यातलं निम्म्याच्या आसपास एकटं भातसा धरण देतं. तानसा १८९२पासून देतंय. ही दोन्ही धरणं शहापूर तालुक्यात आहेत. त्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर जातात. मुंबईला नेणारे मोठाले नळ ज्यांच्या दारावरून जातात, त्या बाया हंडा घेऊन डोंगर उतरतात, झऱ्याच्या डबक्याशी वाटीने पाणी भरतात. हे दर वर्षी एप्रिल-मेच्या मराठी वर्तमानपत्रांत छापून येतं. मी मुंबईत असताना वाचत होते, माझ्या नात्यातलेही वाचत असतील.

हे मी मावसबहिणीला फोनवर सांगितलं. जरा जोरातच सांगितलं. ती म्हणाली, ‘तू चिडू नकोस गं, काळजीने विचारलं.’ काळजी खरी आहे, मला ठाऊक आहे. तीच काळजी तिने कसाऱ्याच्या गाडीने तासा-दोन तासांत पोचता येईल अशा ठिकाणी न्यावी, एवढंच माझं मागणं आहे. कीव करायची तर त्या बायांचीही करू नये. पालिकेला, आमदाराला विचारावं, की धरणाच्या कुशीतल्या गावाला नळ का नाही. पाणी पिणाऱ्याने विचारलं, तर त्या प्रश्नाला वजन येतं. जोधपूरला येण्याचं तिने दोनदा कबूल केलं आहे. आली, की तिला सोगरा खायला घालीन आणि दुकानातली ती मोटर दाखवीन.

आमच्या घरातही एक काम निघालं आहे. या इमारतीखालीही टांका आहे. कालव्याचं पाणी आल्यावर गच्चीवरून येणारा नळ कुणीतरी तोडला आणि तोंड सिमेंटने बुजवलं. आता त्यात नळाला येणारं पाणी साठवतात आणि गच्चीवरचं पाणी रस्त्यावर पडतं. घरमालकांचं म्हणणं, इतक्याशा पावसासाठी कोण खर्च करणार? भुआसांनी हिशेब सांगितला. गच्ची एवढी, पाऊस एवढा, टांक्यात इतकी बोटं पाणी. मालक गप्प बसले. मी अर्धा खर्च उचलते म्हटल्यावर तयार झाले. गवंडी काल येऊन बघून गेला. सिमेंट फोडायचं, गाळणी बसवायची, पहिलं पाणी बाहेर सोडायला वेगळी तोटी काढायची, असं ठरलं आहे. त्याला आगोर म्हणजे काय, हे सांगावं लागलं नाही. त्याचा बाप टांके बांधायचा. इथे पाऊस जूनच्या अखेरीला, नाहीतर जुलैत येतो. तो म्हणतो, त्याच्या आत सगळं पक्कं होईल.