तराजू आधी, समीकरण मागाहून

माध्यमिक शाळेत रासायनिक समीकरण शिकविण्याची जी पद्धत रूढ आहे, तीत एक मोठी उणीव आहे. फळ्यावर सूत्रे मांडली जातात, बाणाच्या दोन्ही बाजूंचे अणू मोजले जातात आणि आकडे जुळले की विषय संपला असे मानले जाते. हिशेबात तरबेज असलेला विद्यार्थी हे काम चुटकीसरशी करतो. मात्र आकडे जुळावयासच का हवेत, असे विचारल्यास त्याच्यापाशी बहुधा उत्तर नसते.

ते उत्तर तराजूने दिले, आणि तेही सहजासहजी नव्हे. कथील तापविले की त्याचे भस्म होते व भस्माचे वजन मूळ धातूहून अधिक भरते, हे सतराव्या शतकात ठाऊक होते. रॉबर्ट बॉइल याने बंद पात्रात धातू तापविला. पण तोलण्यापूर्वी पात्र उघडले. बाहेरची हवा आत शिरली, आणि वाढलेले वजन काचेतून आलेल्या अग्निकणांचे आहे, असा निष्कर्ष त्याने १६७३ मध्ये प्रसिद्ध केला. बॉइल काही सामान्य निरीक्षक नव्हता. त्यालाही चकविले ते तोलण्याच्या क्रमाने. १७७४ मध्ये आंत्वान लाव्हाझिए याने तोच प्रयोग केला, परंतु पात्र न उघडता तोलले. वजन बदललेले नव्हते. पात्र उघडून हवा आत गेली, तेव्हा ते वाढले. अग्निकणांची कल्पना त्या क्षणी निराधार ठरली.

अशी परीक्षा साध्या शाळेतही घेता येते. एका पेल्यात मोरचुदाचे पाणी, दुसऱ्यात चुन्याची निवळी घेऊन दोन्ही पेले एकत्र तोलावेत. मग एकातील द्रव दुसऱ्यात ओतून, रिकाम्या पेल्यासह पुन्हा तोलावे. निळसर साका धरतो, वजन तेच राहते. (द्राक्षवेलींवर फवारावयाचे बोर्डो मिश्रण मोरचूद व चुना यांचेच असते. मोरचूद विषारी असल्याने हात धुणे विसरू नये.) त्यानंतर लिंबाच्या रसात खाण्याचा सोडा टाकावा. या वेळी वजन घटते! येथे शिक्षकाने खुलाशाची घाई करू नये. नियम मोडला की काहीतरी निसटले, हा वाद वर्गात रंगू द्यावा. बाटलीच्या तोंडाला फुगा बांधून वायू कोंडण्याची युक्ती प्रसिद्ध आहे. तथापि फुगलेला फुगा भोवतालची हवा बाजूस सारतो, म्हणून नाजूक तराजू तरीही किंचित कमी वजन दाखवितो. एखाद्या चाणाक्ष मुलाने तशी तक्रार केल्यास ती रास्तच मानावी.

एवढे झाल्यावर समीकरणाकडे वळावे. हायड्रोजनचा एक रेणू, ऑक्सिजनचा एक रेणू आणि त्यांपासून पाण्याचा एक रेणू, अशी मांडणी नवशिके हमखास करतात. ग्रॅममध्ये पाहता ते २ आणि ३२ मिळून ३४ होतात, पाणी मात्र १८ च भरते. अशा वेळी पुष्कळ मुले पाण्याच्या सूत्रातच ऑक्सिजनचा आणखी एक अणू घालून मोकळी होतात. आकडा ३४ जुळतो खरा. पण ते पाणी राहत नाही, ते जखम धुण्यासाठी वापरले जाणारे हायड्रोजन पेरॉक्साइड होते. परीक्षेत दहा समीकरणे जुळवावयास सांगण्याऐवजी ही एकच चुकीची मांडणी द्यावी आणि १६ ग्रॅम द्रव्य कोठे गेले, असे विचारावे.