पऱ्हाटीच्या पानातले काळे ठिपके

पऱ्हाटीचे पान उन्हाकडे धरून पाहा. सुईच्या टोकाएवढे काळपट ठिपके दिसतील. सरकी मधोमध चिरली तर गरातही तेच. हा रोग नव्हे. या बारीक ग्रंथींत झाड आपले विष साठवते. त्याचे नाव गॉसिपॉल.

गॉसिपॉल हे टर्पिनॉइड वर्गातले. नाव जड, पण ओळख जुनी आहे: पुदिन्याचा थंडावा, गवती चहाचा वास, कापूर, सारे याच कुळातले. झाड पाच कार्बनचा एक तुकडा बनवते आणि तसबीहचे मणी ओवावेत तसे तुकडे जोडत जाते. दोन जोडले की पुढे त्यातून पुदिन्याचा मेंथॉल होतो. तीन-तीन तुकड्यांच्या दोन माळा एकत्र आल्या की गॉसिपॉल. जागचे हलता न येणाऱ्या झाडाला अल्लाहने दिलेले हे हत्यार.

हत्यार एकच नाही. अळीने पान कुरतडले की पऱ्हाटी दुसरी टर्पिनॉइडे हवेत सोडते. त्या वासाच्या मागाने अळीच्या अंगात अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्या येतात. आपण फवारतो तेव्हा त्याही मरतात. फवारणाराही मरू शकतो, हे 2017 साली आपल्या यवतमाळ जिल्ह्याने पाहिले. वीसहून अधिक जीव गेले.

अमेरिकेत ठिपके नसलेली कपाशी काढून पाहिली, तर किडींनी तिचा फडशा पाडला. मग कीर्ती राठोड या शास्त्रज्ञांनी टेक्सासात विष पानात ठेवून फक्त सरकीतून जवळजवळ काढले. त्या वाणाला तिथे 2018 मध्ये लागवडीची परवानगी मिळाली.

आपल्या घरची सरकी मात्र जुनीच आहे. बकरी ईदसाठी बोकड पाळणाऱ्या घरांनी हे ध्यानात ठेवावे. रवंथ करणाऱ्या मोठ्या जनावराच्या पोटात बरेचसे गॉसिपॉल बांधले जाते, म्हणून म्हशीला बेताची ढेप सोसते. दूधपित्या करडाचे पोट तसे तयार नसते. विष साठून हृदयावर जाते. दम लागतो, करडू अचानक दगावते. मग नजर लागली म्हणत आपण ताबीज शोधतो. आधी दावणीत काय टाकले ते पाहावे. कोंबड्यांनाही सरकी घालू नये. अंड्याचा बलक हिरवट पडतो.

माणसाचे म्हणाल तर, चीनमध्ये 1970 च्या दशकात पुरुषांसाठी संततिनियमनाची गोळी म्हणून गॉसिपॉल दिले गेले. काहींची जननक्षमता परतलीच नाही, पोटॅशियमही घटले; ती गोळी बाद झाली. शुद्ध केलेल्या सरकी तेलात ते उरत नाही. न गाळता, न शुद्ध करता आलेले काळपट तेल मात्र स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.